अंगणातल्या अर्जुनावर कोसा: नागपुरात टसरचे किडे कसे वाढवायचे

मृगाचा पहिला पाऊस पडला की मला चार-पाच फोन येतातच, ताई आम्हाला पण ते कोशाचे किडे पाहिजेत, पोट्ट्यांना दाखवायचे आहेत, कुठं मिळतील. आणि मी दरवेळी एकच विचारते की तुमच्याकडं झाड आहे का? बहुतेकांकडं नसतं, किंवा झाड असतं पण त्याला कधी कात्री लागलेली नसते, पानं तीस फुटांवर. मग किडा आणून त्याला खाऊ काय घालणार. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे, लांबलचक होईल पण करायचंच असेल तर पूर्ण वाचा, कारण यातलं अर्धं काम किडा घरी यायच्या कितीतरी महिने आधीचं आहे.

आधी ओळख. आपल्याकडं ज्याला कोसा म्हणतात तेच टसर, म्हणजे जंगली रेशीम, आणि अळी स्वतःभोवती विणते त्या कोशालाही आपण कोसाच म्हणतो. त्याचा पतंग म्हणजे अँथेरिया मायलिट्टा, पंख उघडले की सहा इंचांच्या वर भरतो. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो आणि त्याच्या मध्ये खरंच काचेसारखी आरपार दिसणारी खिडकी असते. नर विटकरी-तपकिरी, मादी पिवळट किंवा राखाडी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ढिवर लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर हे पीक घेत आलेत, आणि आपल्या बायकांच्या कपाटातली करवतीकाठी साडी याच धाग्याची. माझा मामा पवनीकडचा, मी हे त्याच्याकडून शिकले, शाळेच्या सुट्ट्या त्याच्यासोबत झाडाखाली पाखरं हाकलण्यात गेल्या. तो किड्याबद्दल फार कमी बोलायचा, सगळं बोलणं पानाबद्दल. पान कोवळं आहे का, पान जून झालं का, पानावर गाठी आल्या का. आता इतकी वर्षं स्वतः केल्यावर कळतं की त्याचं बरोबर होतं.

झाड कोणतं आणि ते कसं तयार करायचं

टसरची मुख्य झाडं तीन, ऐन, अर्जुन आणि साल. साल आपल्या इकडं नाही, तो विषय सोडा. ऐन, ज्याला खेड्यात येन पण म्हणतात, पेंच-नागझिऱ्याकडं भरपूर, त्याच्या बुंध्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोन-चौकोन फुटलेली असते, बघितल्याबरोबर ओळखाल. पण तो हळू वाढतो आणि शहरात लावायला मिळत नाही. नागपुरात आपल्या कामाचा अर्जुन. नाल्याकाठी, रस्त्याच्या कडेला, बगीच्यात सगळीकडं आहे, बुंधा पांढुरका गुळगुळीत आणि त्याचे पापुद्रे निघतात, फळाला पाच पंख असतात, आणि पानाच्या देठाजवळ दोन बारीक गाठी असतात. फळावरून आणि त्या गाठींवरून पक्की खात्री करा. बोर, जांभूळ, धावडा यांच्यावरही हा किडा जगतो, पण नवख्या माणसानं त्यात पडू नये, अळी लहान राहते आणि कोसा हलका येतो.

रोप लावणार असाल तर नर्सरीतून घ्या किंवा उन्हाळ्यात पडलेली वाळकी फळं गोळा करून भिजवून पेरा. शेतात करणारे ४ बाय ४ फुटांवर लावतात, तुम्हाला अंगणात तीन-चार झाडं पुष्कळ झाली. पण तीन-चार वर्षं होईपर्यंत त्यावर किडे सोडू नका, लहान झाडाचं सगळं पान अळ्या आठवड्यात संपवतील आणि मग झाडही गेलं अन् किडेही.

आता कात्री. अर्जुन फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळतो, तेव्हाच त्याला छाटायचं, शेंडा माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर ठेवायचा, सहा-सात फूट. उन्हाळ्यात नवी फूट येते आणि पावसाच्या तोंडावर झाड गच्च भरतं. हे छाटणं जो करत नाही त्याला पुढं शिडी घेऊन फिरावं लागतं. छाटल्यावर बुंध्याशी आळं करून शेणखत आणि मे महिन्यात पाणी द्या, आपल्या इकडच्या ४५ डिग्रीत फूट करपते.

आणि औषध! झाडावर किंवा त्याच्या शेजारच्या गुलाबा-जास्वंदावर कोणतीही फवारणी करायची नाही, किडे यायच्या निदान दोन महिने आधीपासून नाही. अर्जुनाच्या पानावर कधीकधी फोडांसारख्या गाठी येतात, तो एका बारीक रस शोषणाऱ्या किड्याचा प्रताप आहे, अशी पानं हातानं तोडून जाळून टाका, तेवढं पुरतं.

बीज कुठून आणायचं

जंगलातून आणू नका, हे आधी सांगते. ताडोबा, पेंच, नागझिरा यांसारख्या ठिकाणाहून काहीही उचलून आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि दुसरं म्हणजे जंगली कोसा रोगी आहे की निरोगी हे तुम्हाला कळणार नाही. राज्याचं रेशीम संचालनालय आपल्या नागपुरातच आहे, जिल्ह्याजिल्ह्यात रेशीम कार्यालयं आहेत, आणि केंद्रीय रेशीम मंडळाचं टसर बीजाचं केंद्र भंडाऱ्यात आहे. तिथं जाऊन स्पष्ट सांगा की हौसेसाठी एखादाच अंडीपुंज पाहिजे. शेतकऱ्यांचा हंगाम असतो तेव्हा त्यांना आधी मिळणार, ते बरोबरच आहे, म्हणून जूनच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. डाबा नावाची जात जास्त चालते, आणि भंडारा नावाचीच आपली एक जात पण आहे, मिळाली तर ती घ्या, आपल्या हवेची आहे.

अंडीपुंज म्हणजे एका मादीनं घातलेली अंडी, साधारण दीडशे ते दोनशेच्या घरात. तपासलेलाच अंडीपुंज पाहिजे यामागं मोठं कारण आहे. पेब्रिन नावाचा रोग आईच्या पोटातून थेट अंड्यात उतरतो, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मादीनं अंडी घातली की तिला वाटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, रोगाचे बीजाणू दिसले की तिची सगळी अंडी नष्ट. ही पद्धत लुई पाश्चरची, १८६५ ते १८७० च्या काळात फ्रान्समधला रेशीमधंदा बुडायला आला होता तेव्हा त्यानं बसवलेली, आणि आज भंडाऱ्यातल्या केंद्रातही मूळ तत्त्व तेच. मला हे दरवेळी फार भारी वाटतं.

एक गोष्ट मनावर घ्या, पहिल्या वर्षी पूर्ण पुंज वाढवायला जाऊ नका. पाच-सहा जणांनी मिळून एक पुंज घ्या, प्रत्येकी तीसेक अळ्या. दोनशे अळ्या शेवटच्या आठवड्यात काय खातात ते बघितल्याशिवाय कळत नाही.

अंड्यापासून पहिले दहा दिवस

अंडं हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान, चपटं-गोल, सुमारे ३ मिमी, आणि त्याला कडेनं दोन तपकिरी रेघा. घातल्यापासून ८ ते १० दिवसांत फुटतं, बहुतेक सकाळीच. अंडी कागदाच्या डबीत सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये नाही, खिडकीच्या उन्हात नाही. आणि त्या खोलीत मच्छर कॉइल, अगरबत्ती, लिक्विडवालं मशीन काही म्हणजे काही लावायचं नाही. मुंग्यांसाठी डबी एका ताटलीत आणि ताटलीत पाणी, आपण लाडवाचा डबा ठेवतो तसं.

बाहेर आलेली अळी मळकट पिवळी आणि डोकं काळं, वजन जेमतेम ८-१० मिलिग्रॅम. बरेच जण घाबरतात की फोटोत हिरवी होती, ही अशी काऊन? दोन दिवसांत होते हिरवी. आधी ती अंड्याचं टरफल कुरतडते, खाऊ द्या. मग तिला द्यायचं ते शेंड्याचं कोवळं पान, तांबूस-पोपटी, हाताला मऊ लागणारं. जून पान दिलं तर तिचं तोंड त्यात चालतच नाही, पानावर बसून उपाशी मरते आणि तुम्हाला वाटतं खाऊन राहिली.

सगळ्यात जास्त नुकसान या दहा दिवसांत होतं, पावसाच्या झोडीनं आणि मुंग्यांनी, म्हणून मी या दिवसांत घरातच ठेवते. अर्जुनाची हातभर फांदी कापायची, पाण्याच्या बाटलीत खोचायची आणि बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा घट्ट बसवायचा. हा बोळा विसरलात तर अळ्या देठावरून खाली उतरून पाण्यात बुडतात, माझ्या पहिल्या वर्षी एका रात्रीत अकरा गेल्या. बाटलीखाली जुनं वर्तमानपत्र, रोज सकाळी नवी फांदी जुनीच्या शेजारी टेकवून ठेवायची, अळ्या आपोआप चढून जातात. बोटानं ओढायचं नाही, तिची पकड इतकी घट्ट असते की ओढलं तर पाय तुटतात. जी येत नाही तिच्याखालचं पान कात्रीनं कापून पानासकट नव्या फांदीवर ठेवा.

मधेच एखादी अळी खाणं सोडून डोकं जरा वर करून दगडासारखी बसेल. ती कात टाकते आहे. एक-दोन दिवस लागतात, तिला हलवू नका, तिच्यासाठी जुनी फांदी तशीच राहू द्या. कोसा होईपर्यंत ती चार वेळा कात टाकते, म्हणजे एकूण पाच अवस्था. हात साबणानं धुतल्याशिवाय फांदीला लावायचा नाही, आणि तंबाखू-खर्रा खाणाऱ्यांनी तर दोनदा धुवावा, तंबाखू अळीला विष आहे.

झाडावर सोडणं

दुसरी कात टाकली की अळ्या झाडावर. इतवारीत मच्छरदाणीचं नायलॉन कापड मिळतं, त्याची पाच-सहा फुटांची दोन्ही तोंडं उघडी असलेली पिशवी शिवा, खूप पान असलेल्या फांदीवर उशीच्या खोळीसारखी चढवा, आत दहा-बारा अळ्या सोडा आणि दोन्ही टोकं सुतळीनं बांधा. पान संपत आलं की खोळ दुसऱ्या फांदीवर. शेतकरी पूर्ण झाडावर उघड्यावर करतात पण ते दिवसभर गोफण घेऊन राखण करतात, आपण ऑफिस-घर सांभाळून ते करू शकत नाही. खोळ नसेल तर कावळा, बुलबुल, खार, सरडा, गांधीलमाशी सगळ्यांची मेजवानी.

खोळ असली तरी मुंग्या येतातच. बुंध्याला वीतभर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस फासायचं, सालीला थेट फासू नका. आणि झाडाची एकही फांदी भिंतीला, वायरला, शेजारच्या झाडाला टेकलेली नको, मुंग्या तिथून पूल करतात. खोळीला बाहेरून टेकलेल्या अळीला ढेकणासारखा एक शिकारी किडा सोंड खुपसून कापडातूनच शोषतो, अळी आतल्या आत वाळते. म्हणून खोळ सैल, फुगलेली ठेवा. रोज दोन मिनिटं खोळीवर नजर टाका, तो दिसला की काढून टाका.

आता पान बदलायचं. तिसऱ्या अवस्थेपासून मध्यम पान, आणि चौथी-पाचवी अवस्था म्हणजे गडद हिरवं भरलेलं पान. मोठ्या अळीला कोवळं पान दिलं तर त्यात पाणी फार, तिची लेंडी पातळ होते आणि तिथून रोगाला सुरुवात. लेंडी हा तुमचा रोजचा रिपोर्ट आहे असं समजा, कडक, कोरडी, खाचा असलेली गोळी पडते तोवर सगळं छान. खोळीत साचलेल्या लेंड्या दर दोन दिवसांनी झटका, पावसात त्या कुजतात.

पाचव्या अवस्थेतली अळी खरंच बघण्यासारखी, हिरवीगार, अंगावर जांभळट गाठी, कडेला चांदीसारखे चमकणारे ठिपके, हाताच्या बोटापेक्षा जाड, वजन ४० ग्रॅमच्या आसपास जातं. आयुष्यातलं बहुतेक खाणं ती याच दिवसांत खाते, शांत रात्री झाडाखाली उभं राहिलं तर पानं कुरतडल्याचा आवाज येतो. पावसाळ्यात अंडं फुटल्यापासून कोसा सुरू होईपर्यंत महिना ते सव्वा महिना, थंडीकडच्या पिकात त्यापेक्षा जास्त.

याच दिवसांत आपल्या शहरात डेंग्यूसाठी गल्लोगल्ली धूर फवारतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत दुपारी फवारणी झाली, मी घरी नव्हते, संध्याकाळी आले तर अठरा अळ्या खोळीत खाली पडलेल्या, तोंडातून हिरवं पाणी. डासांचं औषध मारलंच पाहिजे, डेंग्यूनं माणसं मरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून मी गल्लीतल्या दोघींना सांगून ठेवलंय की गाडी दिसली की फोन करा, आणि फांद्या कापून, अळ्यांसकट घरात बाटल्यांमध्ये आणते, दारं लावते, पुढचे दोन दिवस दुसरीकडच्या झाडाचं धुतलेलं पान घालते. हे दुसरं झाड आधीच बघून ठेवा.

आजारी अळी कशी ओळखायची

खाणं सोडलं, अंग मऊ पडलं, शेवटी मागच्या पायांनी फांदीला धरून डोकं खाली करून लोंबकळली आणि कातडी फुटून काळपट पाणी गळलं, तर तो विषाणूचा रोग. वाढ मागं राहिली, अंगावर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके आले, तर पेब्रिनचा संशय घ्या. दोन्हींवर औषध नाही. चिमट्यानं उचला, चुन्यात टाका, लांब खोल पुरा, ती फांदी कापा, हात धुवा. वाईट वाटतं, मी पण रडले आहे, पण एक ठेवली तर पूर्ण खोळ जाते. अंगावर एकच काळा डाग आणि बाकी अळी ठणठणीत दिसत असेल तर ती बहुधा उझी माशी, ती अळीच्या अंगावर अंडं घालते आणि तिचा किडा आत वाढतो. दिवाळीकडच्या पिकात हिचा त्रास जास्त. बारीक जाळीची खोळ असेल तर तो प्रश्न जवळजवळ येतच नाही.

कोसा

खाणं थांबवून अळी फिरायला लागली आणि पोट रिकामं करून पातळ हगली की समजा वेळ आली. दोन-तीन पानं धाग्यानं जवळ ओढते, झोळी करते, मग बाहेर येऊन डहाळीला धाग्याचं कडं घालते, त्या कड्यापासून खाली कडक देठ विणते आणि पुन्हा झोळीत जाऊन कोसा बंद करते. म्हणजे पान गळून पडलं तरी कोसा डहाळीला लटकलेला. कुणी शिकवलं असेल तिला! बंद केल्यावर आतून एक पांढरट द्रव सोडते, त्यानं कोसा लाकडासारखा टणक होतो. हे सगळं व्हायला पाच-सहा दिवस, पण तुम्ही आठ-दहा दिवस हात लावू नका. जुलैच्या सुरुवातीला अंडी फुटली असतील तर पोळ्याच्या आसपास झाडावर कोसे लटकलेले दिसतील. डहाळीसकट कापा, ओढू नका, आणि वरची पानं काढून टाका. कानाशी हलवून बघा, आत जड काहीतरी ठकठक वाजलं तर जिवंत, अगदी हलका लागला तर गेला.

पहिल्या पिकाच्या कोशातून तीनेक आठवड्यांत ते महिन्याभरात पतंग निघतात. कोसे देठाला दोरी बांधून माळ करून टांगा, टेबलावर आडवे ठेवू नका. पतंग तोंडातून एक रस सोडतो, त्यानं देठाकडची बाजू मऊ होते आणि तो संध्याकाळी बाहेर सरकतो, ओले चुरगळलेले पंख घेऊन. त्याला लगेच लटकायला जागा मिळाली नाही तर पंख तसेच वाळतात. माळेच्या वर जुनं सुती कापड टांगलेलं ठेवा, त्याला धरून बसतो. त्याला खायला काही देऊ नका, प्रौढ पतंग खातच नाही, अळीपणी साठवलेल्यावर आठ-दहा दिवस जगतो.

पुढची पिढी पाहिजे असेल तर नर-मादी रात्रभर जाळीच्या टोपलीत एकत्र ठेवा, सकाळी वेगळे करा, मादीला मातीच्या छोट्या गाडग्यात किंवा कागदी पिशवीत ठेवा. पहिल्या तीन दिवसांची अंडी घ्या. मादी मेल्यावर तिला कागदात गुंडाळून त्याच दिवशी केंद्रावर तपासायला नेता आलं तर न्या. तपासणी शक्य नसेल तर ती अंडी पुढं वाढवू नका आणि कुणाला वाटूही नका, गावाकडं एखाद्याचं वर्षाचं पीक त्यावर असतं.

पतंग निघून गेलेले फुटके कोसे फेकू नका. अख्ख्या कोशाचा धागा काढायचा तर आतला जीव मारून, सोड्याच्या पाण्यात उकळून काढतात, पूर्वी बायका मांडीवर वळून काढायच्या, आता मशीन आल्या. फुटक्या कोशाचा सलग धागा निघत नाही पण त्याचा घीचा नावाचा धागा निघतो, जाडसर, गाठीगाठीचा, आणि तो मला त्या गुळगुळीत धाग्यापेक्षा जास्त आवडतो.

दुसरं पीक घेतलं तर ते दिवाळीच्या आगेमागे कोशावर येतं, आणि त्या कोशातून पतंग निघत नाही. आतला जीव जून उजाडेपर्यंत झोपतो. इथंच नागपूरच्या माणसाची परीक्षा. माळा पत्र्याच्या खोलीत, गच्चीच्या जिन्यात टांगल्या तर मे महिन्यात आतल्या आत शिजतात. घरातली सगळ्यात थंड, हवा खेळती खोली निवडा, उत्तरेकडची असेल तर उत्तम. कूलर असलेल्या खोलीत चालेल पण कूलरच्या थेट झोतासमोर नाही, ओल लागून बुरशी धरते. उंदरापासून जपा, तारेला टांगा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी खिडकीला ओला गोणपाट लावा. प्रत्येक माळेला चिठ्ठी बांधा, कोणत्या झाडाचा कोसा, कधी कापला. महिन्यातून एकदा हलवून बघा आणि हलके झालेले काढून टाका. मग मृग लागला, दोन-तीन चांगले पाऊस झाले, हवेत गारवा आला की रोज संध्याकाळी दिवे लागणीच्या वेळेला माळेखाली जाऊन बघायचं, देठाजवळ ओला डाग दिसला की त्याच रात्री पहिला पतंग.